लुंबिनीला निघण्याआधी



परवाच्या रविवारी आमच्या कळंबच्या विहारात वंदना आटोपली. चटया गुंडाळता गुंडाळता महिला मंडळाच्या दोघी-तिघी भगिनी आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या वडीलधाऱ्या म्हणाल्या, "भाऊ, औंदा लुंबिनीले जाचं पक्कं झालं. बावीस जनं आहोत. गाडी कोनती करावं अन् संग काय काय घ्यावं, थे सांगा."

आम्हाला आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. आनंद अशासाठी की, ज्यांनी उभा जन्म कापूस वेचण्यात आणि सोयाबीन सोंगण्यात घालवला, त्या मायबहिणी बचत गटात महिन्याला थोडे थोडे टाकून तथागतांच्या जन्मस्थळाला निघाल्या आहेत. काळजी अशासाठी की, हाच पैसा एका चुकीने कसा मातीत जातो ते आम्ही पाहिले आहे. श्रीमंताचा प्रवास बिघडला तर तो पुढच्या वर्षी पुन्हा जातो. आपल्या माणसाचा बिघडला तर तो बहुधा पुन्हा जात नाही.

म्हणून या वेळच्या सदरात धम्मावर प्रवचन नाही. फोन, चार्जर, गाडी, पैसे आणि कागद यांविषयीच बोलायचे आहे.

लुंबिनी परदेशात आहे

बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी ही चार स्थळे आपण एका दमात म्हणतो. त्यामुळे चौथे स्थळ दुसऱ्या देशात आहे, याचा विसर पडतो. लुंबिनी नेपाळच्या रुपन्देही जिल्ह्यात आहे. गोरखपूरहून साधारण शंभर कि.मी.वर सोनौलीची सीमा लागते, पलीकडे बेलहिया, मग भैरहवा, आणि तेथून पश्चिमेला वीस-बावीस कि.मी.वर लुंबिनी. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. कमानीखालून पायी चालत गेले की आपण परदेशात. पण व्हिसा लागत नाही याचा अर्थ काहीच लागत नाही, असा नव्हे. टॉवर बदलतो, नाणे बदलते, गाडीचा कायदा बदलतो, आणि घड्याळसुद्धा बदलते.

परमपूज्य बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महिनाभरातच जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. प्रकृती ढासळलेली असतानाही २० नोव्हेंबर १९५६ रोजी तेथे ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्या देशाशी आपले नाते असे जुने आहे. तेव्हा जायचे ते ताठ मानेने आणि तयारीने.

आमची फजिती

तीन वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एकोणीस जणांना घेऊन गेलो होतो. गाडी ओळखीतून ठरवली. मालक म्हणाला, "लुंबिनीपर्यंत नेऊन आणतो, काळजी नको." आम्ही दिवसभर कचेरीत कागद सांभाळणारी माणसे, पण या व्यवहारात एक ओळही लिहून घेतली नाही. सोनौलीला पोचल्यावर चालकाने गाडी बाजूला लावली आणि सांगितले, "नेपाळचे कागद नाहीत, पुढे जायचे तर वेगळे पैसे लागतील." अर्धा दिवस वादात गेला. शेवटी पायी सीमा ओलांडून, पलीकडून दोन गाड्या करून आम्ही लुंबिनी गाठली. जो खर्च हिशेबात नव्हता तो सगळ्यांच्या खिशातून गेला.

खरी परीक्षा पुढेच होती. दर्शनाला दोन गट केले आणि ठरवले की, बरोबर चार वाजता सगळ्यांनी तिकीट खिडकीपाशी जमायचे. आता नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. ज्या दोघा-तिघांच्या फोनला मुलांनी घरूनच रोमिंग सुरू करून दिले होते, त्यांच्या फोनची घड्याळे आपोआप नेपाळी वेळेवर गेली. बाकीच्यांची घड्याळे कळंबच्याच वेळेवर राहिली. पहिला गट नेपाळच्या चारला आला, दहा मिनिटे थांबला, आणि दुसरा गट पुढे गेला असेल म्हणून गाड्यांकडे निघून गेला. दुसरा गट आपल्या चारला आला तेव्हा तेथे कोणी नाही. फोन लावावा तर रोमिंग असलेले सगळे एकाच गटात, आणि दुसऱ्या गटात एकाच्याही फोनला रेंज नाही. दोन्ही गट एकमेकांना शोधत फिरत राहिले. या धावपळीत आमच्या एक आजी कोणत्याच गटात नाहीत, हे ध्यानात यायला आणखी अर्धा तास गेला.

अंधार पडायला आला तेव्हा आजी सापडल्या. तिकीट खिडकीजवळच्या कट्ट्यावर शांत बसून होत्या. आम्ही घाबरेघुबरे होऊन धावत गेलो, तर उलट आम्हालाच म्हणाल्या, "मी त अठीच होती बाप्पा. हरपले त तुमी !"

आज आम्ही ही गोष्ट हसत सांगतो. पण त्या दोन तासांत आमच्या पोटात जो गोळा उठला होता तो आम्हीच जाणतो. आजींजवळ ना फोन होता, ना कोणाचा नंबर, ना आम्ही उतरलो होतो त्या जागेचे नाव. त्यांचे नातू आम्हाला काय म्हणाले असते ? पुढील सूचना त्या दोन तासांतून निघालेल्या आहेत.

आधी कागद

१५ ते ६५ वर्षे वयाच्या माणसाने मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, यांपैकी एक अस्सल कागद जवळ ठेवावा. आपल्या लोकांचा मोठा गैरसमज असा की, आधार कार्ड सगळीकडे चालते. नेपाळच्या प्रवासात ते १५ वर्षांखालील मुलांना आणि ६५ वर्षांवरील वृद्धांनाच ओळखीचा पुरावा म्हणून चालते. १५ ते १८ या वयातल्या मुलामुलींना मतदार कार्ड नसते, त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरलेल्या नमुन्यातला ओळखीचा दाखला घ्यावा. सीमेवर पायी जाणाऱ्याला रोज कोणी अडवीलच असे नाही, पण ज्या दिवशी अडवतील त्या दिवशी वाद घालून उपयोग होत नाही.

आपल्या घरच्या सुनांकडे विशेष लक्ष द्या. कित्येकींचे मतदार कार्ड माहेरच्या नावाने असते, किंवा माहेरच्या पेटीत राहिलेले असते. ते निघण्याच्या आदल्या दिवशी शोधू नका. नाव बदलायचे असेल तर दोन-तीन महिने आधी तहसील कार्यालयात अर्ज द्या.

प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स प्रती काढाव्या. एक पिशवीत, एक गटप्रमुखाकडे. "फोनमध्ये फोटो आहे" असे तरुण मुले म्हणतात. ठीक आहे, फोटोही असू द्या. पण प्रवासात सर्वांत आधी हरवतो तो फोनच, हेही लक्षात ठेवा.

फोनची गोष्ट

१) भारताचे सिम सीमा ओलांडल्यावर मुके होते. बेलहियात कोठे कोठे आपला टॉवर थोडा पकडतो, लुंबिनीत त्याचा भरवसा धरू नका. आंतरराष्ट्रीय रोमिंग घरूनच सुरू करून घ्यावे. सीमेवर उभे राहून ते करू गेलात तर रिचार्ज आणि ओ.टी.पी.च्या घोळात तास जातो.

२) सर्वांनी रोमिंग घेण्याची गरज नाही, तो पैशाचा नाश आहे. पाच-सहा माणसांचा एक गट करा आणि प्रत्येक गटात एक रोमिंगचा फोन ठेवा. आमची चूक ही झाली की, सगळे रोमिंगवाले एकाच गटात गेले.

३) ज्यांचे सिम महिन्याच्या बिलाचे आहे, त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये डाटा रोमिंग बंद असल्याची खात्री करावी. नाहीतर घरी आल्यावर जे बिल येईल ते लुंबिनीच्या खर्चापेक्षा मोठे असू शकते.

४) दोन-चार दिवस राहायचे असेल तर नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचे सिम घेता येते. त्यासाठी ओळखपत्राची प्रत आणि पासपोर्ट आकाराचा फोटो जवळ ठेवा. एका दिवसासाठी त्या भानगडीत पडू नये.

५) तेथून घरी फोन लावताना नंबरच्या आधी अधिक चिन्ह आणि ९१ लावावे. फोनमधले सगळे महत्त्वाचे नंबर घरूनच तसे जतन करून घ्या. घरच्यांना नेपाळच्या सिमवर फोन करायचा असेल तर आधी ९७७ लावावे लागतात, आणि तो परदेशी कॉल धरला जातो. म्हणून घरच्यांना आधीच सांगा की, रोज रात्री आठ वाजता आम्हीच करू. ठरल्या वेळी खुशाली कळली की कळंबला बसलेल्या म्हाताऱ्या आईच्या जिवाला घोर लागत नाही.

६) वेळ सांगताना "भारताची वेळ" असेच सांगा. निघण्यापूर्वी एकाने तरी साधे हातघड्याळ घ्यावे, आणि सगळ्या गटाने त्याचीच वेळ मानावी. पंधरा मिनिटे म्हणजे काही नाही असे वाटते, पण आमच्या आजींना विचारा.

७) सगळा भार व्हॉट्सॲपवर टाकू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळच्या त्या वेळच्या सरकारने फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांसह २६ समाजमाध्यमे बंद केली. त्यावरून तरुणांचे मोठे आंदोलन पेटले आणि सरकारच पडले. त्या दिवसांत जे प्रवासी तेथे होते, त्यांना साधा फोन आणि कागदावरचा नंबर हाच आधार उरला. जाण्याच्या आठवड्यात तिकडची बातमी पाहावी, आणि काठमांडूच्या भारतीय दूतावासाचा मदत क्रमांक सरकारी जागेवरून पाहून वहीत उतरून घ्यावा. नेपाळमध्ये पोलिसांसाठी १०० आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ हे क्रमांक आहेत.

चिठ्ठी : सर्वांत स्वस्त यंत्र

ज्यांच्याजवळ फोन नाही, किंवा ज्यांना फोन वापरता येत नाही, अशा प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाजवळ एक चिठ्ठी असलीच पाहिजे. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठळक अक्षरांत लिहा : स्वतःचे नाव, गाव कळंब, जिल्हा यवतमाळ, महाराष्ट्र, भारत, गटप्रमुखाचा नंबर ९१ सह, मुक्कामाच्या विहाराचे किंवा धर्मशाळेचे नाव, आणि काही आजार असल्यास रोजच्या गोळीचे नाव. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बटव्यात ठेवा, नाहीतर पदराला पिन करा.

येथे आपल्याला एक मोठी सोय आहे. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात. आपण मराठीत लिहिलेली नावे आणि आकडे तेथील दुकानदाराला, पोलिसाला सरळ वाचता येतात. चार रुपयांचा पुठ्ठा चौदा हजारांच्या फोनपेक्षा कामाचा ठरतो, तो असा.

चार्जर आणि बॅटरी

नेपाळची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. आपले गोल पायांचे चार्जर तेथे चालतात, वेगळा प्लग विकत घेण्याची गरज नाही. विहारात किंवा धर्मशाळेत एका खोलीत आठ माणसे आणि भिंतीला एकच बटण असते, म्हणून गटात एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड ठेवा.

रेल्वेने जात असाल तर लक्षात ठेवा की, रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात डब्यातली चार्जिंगची बटणे बंद ठेवण्याचा रेल्वेचा नियम आहे. संध्याकाळीच फोन भरून घ्या. रात्रभर फोन लावून ठेवून झोपू नका, चोरीही होते आणि आगीचा धोकाही असतो. फुगलेली पॉवर बँक घरीच ठेवा.

जन्मस्थळाला पोचेपर्यंत व्हिडिओ पाहून बॅटरी संपवू नये. गटातल्या रोमिंगच्या फोनवर तर गाणी आणि गेम यांना सक्त मनाई करा. गोरखपूरला असतानाच फोनमध्ये भैरहवा-लुंबिनी भागाचा नकाशा उतरवून घ्या. नेट नसले तरी आपण कोठे आहोत ते त्यावर दिसते.

पैसे

भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६० रुपये. हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे. दोन्हीकडे शब्द "रुपये" हाच असल्यामुळे फसगत येथेच होते. वस्तूचा किंवा गाडीचा भाव विचारताना "आयसी की एनसी ?" असे विचारा. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. तीनशे एनसीच्या जागी तीनशे आयसी दिले की जवळजवळ एकशे बारा भारतीय रुपये जास्त गेलेच समजा.

नोटा शंभराच्या न्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली, आणि पुढे या नियमात फेरबदलाच्या हालचाली होत राहिल्या. त्या वेळचा नियम काय ते बँकेत विचारून घ्यावे. शंभराची नोट मात्र निर्धोक आहे.

फोनवरून पैसे देण्याची सोय मार्च २०२४ पासून तेथेही सुरू झाली. पण तेथील कंपनीचे नाव "फोनपे" असले तरी ती आपल्याकडची कंपनी नव्हे, ती नेपाळची वेगळी कंपनी आहे. तिचा चौकोन स्कॅन करून आपल्या यू.पी.आय.ने पैसे जातात, मात्र त्यासाठी ॲपमध्ये परदेशातील व्यवहार सुरू करावा लागतो, आणि फोनला नेट लागते. तेव्हा ही सोय जोडीला ठेवा, तिच्यावर विसंबून रिकाम्या खिशाने जाऊ नका. स्त्रियांनी पैसे एकाच ठिकाणी ठेवू नयेत, आणि सर्वांचे पैसे एकाच कारभाऱ्याकडे देऊ नयेत, मग तो कारभारी आम्ही असलो तरी !

भाड्याची गाडी

आता सर्वांत महत्त्वाचे. कळंबहून नागपूर, जबलपूर, रीवा, वाराणसी असे करत सोनौली गाठायला हजार कि.मी.च्या वर रस्ता आहे. आमचे मत विचाराल तर वर्धा किंवा नागपूरपर्यंत जाऊन पुढे गोरखपूरला रेल्वेने जावे. वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले, आपल्या गावाला रूळ लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. रेल्वे स्वस्त पडते आणि म्हाताऱ्या माणसांची कंबर वाचते. पण चारही स्थळे करायची म्हणून अनेक जण गाडीच ठरवतात. त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्या.

पाटी पिवळी पाहा. भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी "ओळखीतला आहे, स्वस्तात नेतो" म्हणून घेऊ नका. खाजगी गाडी भाड्याने चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. तेव्हा वाचवलेले दोन हजार कोणाच्या दवाखान्याला पुरणार ?

कागद स्वतः वाचा. नोंदणीपुस्तक, फिटनेस, परमिट, विमा, पी.यू.सी. आणि चालकाचे लायसन्स यांचे फोटो घ्या. गाडीचा नंबर सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकला की विमा आणि फिटनेस केव्हापर्यंत आहे ते दिसते. घरात दहावी-बारावीची मुलगी असेल तर तिला हे काम सांगा, ती पाच मिनिटांत करील.

विमा नेपाळात चालतो का, हे विचारा. भारतातल्या गाडीचा विमा भारताच्या हद्दीपुरताच असतो. नेपाळसाठी जादा हप्ता भरून त्यात तशी नोंद करून घ्यावी लागते. ती नोंद पॉलिसीच्या कागदावर दाखवा, असे मालकाला सांगा. तो हसेल, "आजवर कोणी विचारले नाही" म्हणेल. म्हणू द्या.

भन्सार म्हणजे काय ? नेपाळी भाषेत जकातीला भन्सार म्हणतात. भारतीय गाडी नेपाळात न्यायची तर सीमेवरच्या भन्सार कार्यालयात जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून पावती घ्यावी लागते. पावतीवरच्या मुदतीत परत यावे, नाहीतर दंड होतो. मालक सोबत नसेल तर त्याचे संमतीपत्र न्यावे. भाड्याच्या गाडीला परमिटही वेगळे पाहतात.

यावर सोपा उपाय असा : फक्त लुंबिनी पाहून त्याच दिवशी परत यायचे असेल, तर आपली गाडी सोनौलीला भारताच्या बाजूलाच पैसे देऊन उभी करावी. पायी सीमा ओलांडावी आणि बेलहिया किंवा भैरहव्याहून तेथील गाडी करावी. बसायच्या आधी चार गोष्टी ठरवा : भाडे किती, आयसी की एनसी, तेथे थांबणार किती तास, आणि जाऊन-येऊन की एकेरी. गाडीच्या पाटीचा आणि चालकाचा फोटो घ्या.

इसार लिहून द्या, लिहून घ्या. साध्या कागदावर चालेल. गाडीचा नंबर, किती आसने, किती दिवस, एकूण रक्कम, कि.मी.ची मर्यादा, टोल, राज्यांचा कर, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि भन्सार यांतले कोणाकडे काय. गाडी बिघडली तर दुसरी कोण देणार. आणि शेवटचे ठिकाण कोणते. "लुंबिनीपर्यंत" की "सोनौलीपर्यंत" या एका शब्दावर आमचा अर्धा दिवस गेला होता. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. इसार तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका, आणि शेवटचा हिस्सा कळंबला उतरल्यावर द्या.

निघताना गाडीच्या चारही बाजूंचा, टायरचा, स्टेपनीचा आणि मीटरचा फोटो घ्या. आसने जितकी तितकीच माणसे. दोन चालक असल्याशिवाय रात्रीचा प्रवास करू नका. डिसेंबर-जानेवारीत गोरखपूरकडे धुके इतके दाट असते की दहा हातांवरचे दिसत नाही. रात्री मुक्काम, सकाळी धुके उठल्यावर प्रवास, हा नियम मोडू नका.

लुंबिनीत पोचल्यावर

लुंबिनीचा परिसर फार मोठा आहे. जपानी वास्तुशिल्पी केन्झो टांगे यांनी आखलेल्या आराखड्यानुसार, १९७८ पासून, लांबीला जवळपास पाच कि.मी. आणि रुंदीला दीड कि.मी.हून थोडी जास्त अशी ही भूमी विकसित होत आली. वृद्धांना ई-रिक्षाने न्यावे. मायादेवी मंदिरात जोडे बाहेर काढावे लागतात आणि आत फोटो काढायला मनाई आहे. तेथे फोन बंद करून पिशवीत ठेवा. जन्मस्थळासमोर क्षणभर डोळे मिटून उभे राहा. फोटो बाहेर, अशोकस्तंभापाशी काढता येईल.

ज्यांना आणखी दूर जायचे आहे

आपली काही मुले-मुली आता श्रीलंका, थायलंडच्या धम्मयात्रेला, किंवा नोकरी-शिक्षणासाठी दूरच्या देशांत जातात. त्यांच्यासाठी थोडक्यात : विमानात पॉवर बँक सामानाच्या पेटीत टाकू नये, हातातल्या पिशवीतच ठेवावी, आणि तीही १०० वॅट-तासांच्या आत असावी. श्रीलंकेत नव्या इमारतींत चौकोनी तीन पायांचा प्लग लागतो. परदेशात स्वतः गाडी चालवायची तर आपल्या यवतमाळच्या आर.टी.ओ. कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा, तो एका वर्षाचा असतो. श्रीलंकेत त्यावर तेथील मान्यताही घ्यावी लागते, म्हणून तेथे चालकासह गाडी घेतलेली बरी. गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढा, म्हणजे दुसऱ्याचा ओरखडा आपल्या माथी येत नाही.

विम्याला पैसे घालायचे जिवावर येते, हे आम्ही समजू शकतो. पण बाबासाहेबांचे उदाहरण आठवा. १९१७ साली ते लंडनहून परतले तेव्हा त्यांचे पुस्तकांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते, आणि ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पुस्तके गेली ती गेलीच. पण सामानाची जी भरपाई मिळाली, ती त्या ओढगस्तीच्या दिवसांत कामी आली.

शेवटी

लुंबिनीच्या स्तंभापाशी उभे राहाल तेव्हा एक विचार करा. सम्राट अशोक आपल्या राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षानंतर तेथे आला, त्याने गावाचा कर कमी केला, आणि बुद्धांचा जन्म येथे झाला हे दगडावर कोरून ठेवले. पुढे शतकानुशतके ते स्थळ विस्मरणात गेले. १८९६ साली स्तंभावरचा तो लेख उजेडात आला, आणि जगाला ठाम पुरावा मिळाला. तोंडी सांगितलेले विरून गेले असते, लिहिलेले टिकले.

आपल्या बाप-आज्यांना लिहिण्याचा हक्क नव्हता. व्यवहार तोंडी, मजुरी तोंडी, आणि फसवणूक मात्र अंगठ्यावर. आज आपल्या हाती लेखणी आहे. मग गाडीच्या इसाराला, आजीच्या चिठ्ठीला, खर्चाच्या हिशेबाला ती वापरायला संकोच कशाचा ?

महिला मंडळाच्या भगिनींना आम्ही इतकेच सांगितले की, पुढच्या रविवारी वंदनेनंतर बावीसही जणांनी आपापले मतदार कार्ड घेऊन विहारात यावे. गट तेथेच पाडू, चिठ्ठ्या तेथेच लिहू, आणि गाडीमालकालाही तेथेच बोलावू. ज्या आजी मागे हरवल्या होत्या, त्या या वेळीही येणार आहेत. त्यांनी पुठ्ठा आणि सेफ्टी पिन आतापासूनच काढून ठेवली आहे. म्हणतात, "या खेपेले तुमच्याही सदऱ्याले एक टाचून देतो, भाऊ."

जय भीम ! नमो बुद्धाय !